स्पेस हवी? मांजराला विचारा!

हल्ली कुठल्याही नात्याबद्दल बोलायला बसा, पाचव्या मिनिटाला एक शब्द हमखास येतो. स्पेस! त्याला स्पेस हवी असते, तिला स्पेस मिळत नसते, आई-बाबांना स्पेस म्हणजे काय हेच कळत नसतं आणि बॉसबद्दल तर न बोललेलंच बरं. गंमत म्हणजे दिवसभर स्पेस स्पेस करणारी हीच मंडळी रात्री अकरा वाजता व्हॉट्सअॅपला स्टेटस टाकतात, 'कुणाला कुणाचं काही पडलेलं नाही.' म्हणजे नक्की हवंय तरी काय? जवळ यायचंय की लांब राहायचंय?

खरं सांगायचं तर दोन्ही हवंय. आणि दोन्ही एकाच वेळी कसं जमवायचं याचा क्रॅश कोर्स करायचा असेल तर माझ्या ओळखीचा एक गुरू आहे. चार पाय, ऐटबाज मिशा, फी म्हणून दिवसातून चार वेळा खाऊ. ज्यांच्या घरी मांजर आहे त्यांना मी काय म्हणतेय ते एव्हाना कळलं असेल. बाकीच्यांनी पुढे वाचा!

बदनाम कॅरेक्टर

आपल्याकडे मांजराची इमेज पहिल्यापासूनच खराब. कुत्रा इमानी, मांजर मतलबी. कुत्रा माणसाला धरून राहतो, मांजर घराला. शिंकं तुटलं की फावतं ते बोक्याचं, डोळे मिटून दूध पितं ते मांजर आणि आडवं गेलं की कामाचा बट्ट्याबोळ. एखाद्या माणसाबद्दल गावभर एवढं बोललं गेलं असतं तर त्याने अब्रुनुकसानीचा दावाच ठोकला असता.

२०१९ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगन स्टेट युनिव्हर्सिटीच्या क्रिस्टिन विटाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या मतलबीपणाची रीतसर परीक्षा घेतली. मेरी एन्सवर्थ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी लहान मुलांसाठी तयार केलेली एक नावाजलेली चाचणी आहे. मूल आणि आई एका अनोळखी खोलीत बसतात, मग आई बाहेर जाते आणि थोड्या वेळाने परत येते. ती परत आल्यावर मूल काय करतं, यावरून त्यांच्या नात्याचा अंदाज घ्यायचा. विटाल यांच्या टीमने मुलाच्या जागी मांजराची पिल्लं घेतली आणि आईच्या जागी त्यांचे मालक. दोन मिनिटं एकत्र, दोन मिनिटं एकटं, दोन मिनिटं पुन्हा एकत्र.

निकाल? सुमारे ६४ टक्के पिल्लांचं मालकाशी असलेलं नातं 'सुरक्षित' निघालं. मोठ्या मांजरांमध्ये हा आकडा ६६ टक्क्यांच्या आसपास होता. माणसांच्या पोरांमध्ये तो साधारण ६५ टक्के असतो! मतलबी म्हणे...

पण आपल्या कामाची गोष्ट पुढेच आहे. सुरक्षित नातं असलेलं मांजर मालक परत आल्यावर त्याच्या गळ्यात पडून बसत नाही. ते येऊन भेटतं, पायाला अंग घासतं आणि मग निवांतपणे खोली धुंडाळायला निघून जातं. जे मांडीला चिकटूनच राहतं किंवा मालकाला टाळत कोपरा गाठतं, त्याचं नातं असुरक्षित. म्हणजे लांब जाता येतं, कारण जवळ यायची खात्री असते. आपल्या स्पेसच्या भांडणांमध्ये ही खात्रीच तर मिसिंग असते. ती नसली की एक जण फोनवर फोन करत राहतो आणि दुसरा फोन सायलेंटवर टाकतो.

बसा, तो येईल

तुमच्या घरी मांजर असेल तर हा सीन तुम्ही शंभर वेळा पाहिला असेल. चार पाहुणे येतात. तिघं 'अय्या, किती क्यूऽऽट' करत मांजरामागे धावतात. चौथ्याला मांजरं अजिबात आवडत नाहीत, तो बिचारा अंग चोरून सोफ्याच्या कडेला बसतो. आणि मांजर कुणाच्या मांडीवर जाऊन बसतं? करेक्ट!

हा काही मांजराचा खट्याळपणा नाही. रोखून बघणारे डोळे, डोक्यावरून येणारा हात, मोठा आवाज हे सगळं मांजराला धोक्याचं वाटतं. जो बघत नाही, हात लावत नाही, तो सेफ. झुरिचचे डेनिस टर्नर यांनी माणूस आणि मांजर यांच्या संबंधांचा अनेक वर्षं अभ्यास केलाय. त्यांना असं दिसलं, की जवळ यायची सुरुवात मांजराने केली असेल तर भेट जास्त वेळ टिकते आणि माणसाने केली असेल तर लवकर आटोपते. २०२१ मध्ये लंडनच्या बॅटरसी या प्राण्यांच्या आश्रयगृहात जवळपास १०० मांजरांवर एक प्रयोग झाला. भेटायला आलेल्या माणसांना थोडक्या सूचना दिल्या होत्या. हात पुढे करा, पण मांजराला स्वतःहून येऊ द्या. गाल, हनुवटी, कानामागे कुरवाळा, पोटाला आणि शेपटीला हात नको. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्याला पुरे झालंय का, याकडे लक्ष ठेवा. एवढ्यावरच मांजरांचं चावणं-ओरबाडणं कमी झालं आणि जवळ येणं वाढलं.

हे वाचलं तेव्हा मला आमच्याच सोसायटीतल्या, दोन मजले वर राहणाऱ्या माझ्या मैत्रिणीचे बाबा आठवले. मैत्रीण आणि तिचा नवरा दोघंही आयटीत, रोजची कोथरूड-हिंजवडी वारी. घरात पिठल्या नावाचा बोका. रंग अगदी पिठल्याचा, म्हणून पिठल्या. त्या दोघांना गावाला जायचं असलं की पिठल्याची ड्यूटी माझ्याकडे असते, त्यामुळे या घराची मला इत्थंभूत खबर असते.

आई गेल्यावर चार महिन्यांनी मैत्रिणीने साताऱ्याहून बाबांना इकडे आणलं. लेकीने करायचं ते सगळं ती करत होती. ऑफिसातून आल्या आल्या सुरू व्हायची, 'बाबा, जेवलात का? गोळी घेतली? खाली चक्कर मारून आलात? बरं वाटतंय ना? बोला ना काहीतरी.' बाबांचं उत्तर एकच, 'बरंय.' तिने जितकं विचारावं तितके बाबा गप्प. तिला वाटायचं, बाबांना इथे करमत नाही. बाबांना काय वाटायचं ते बाबांनाच ठाऊक.

बाबांना मांजर नको होतं. 'घरभर केस,' एवढंच त्यांचं मत. त्यामुळे ते पिठल्याकडे ढुंकूनही बघायचे नाहीत. झालं! तिसऱ्या दिवशी पिठल्या थेट त्यांच्या पेपरवर जाऊन बसला. 'उठ रे, अग्रलेख वाचायचाय मला,' बाबा म्हणाले. त्या घरात आल्यापासूनचं त्यांचं हे सगळ्यात मोठं वाक्य होतं, असं मैत्रीण सांगते.

हाक ऐकू येते हं!

तुम्ही हाक मारता, मांजराचा एक कान तुमच्याकडे वळतो आणि बाकीचं मांजर जागेवरच राहतं. जपानच्या अत्सुको साइतो यांनी यावर दोनदा काम केलंय. २०१३ मध्ये त्यांनी दाखवलं, की मांजर अनोळखी आवाजांतून मालकाचा आवाज ओळखतं. फक्त उठून येत नाही, कान किंवा डोकं हलवतं. २०१९ मध्ये आणखी एक गोष्ट समोर आली. मिळत्याजुळत्या इतर शब्दांमधून मांजराला स्वतःचं नावही ओळखता येतं. म्हणजे हाक पोचलेली असते, उत्तरही आलेलं असतं. ते आपल्याला हव्या त्या साइझमध्ये आलेलं नसतं, इतकंच.

उलट मांजर जेव्हा आपणहून हाक मारतं, तेव्हा ती ऐकण्यासारखी असते. मोठी मांजरं एकमेकांशी क्वचितच 'म्याव' करतात. पिल्लू आईला बोलावतं तेव्हाचा हा आवाज. मोठेपणी तो बहुतेक करून माणसांसाठीच वापरला जातो. शिवाय ताठ उभी शेपटी म्हणजे 'हॅलो', पायाला डोकं घासणं म्हणजे 'तू आपला'. छोट्या छोट्या हाका. आपलं लक्ष लॅपटॉपमध्ये असेल तर सहज सुटून जातील अशा.

माणसंही अशाच हाका मारत असतात. नवरा-बायकोंच्या नात्यांवर आयुष्यभर काम केलेले वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीतले मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी नवविवाहित जोडप्यांच्या बारीकसारीक बोलण्याची नोंद ठेवली आणि सहा वर्षांनी त्याच जोडप्यांची पुन्हा चौकशी केली. 'बाहेर बघ, काय मस्त पाऊस पडतोय' असलं साधं वाक्य ही गॉटमन यांच्या मते एक हाक असते. जी जोडपी सहा वर्षांनंतरही एकत्र होती, त्यांनी अशा हाकांना १०० पैकी ८६ वेळा प्रतिसाद दिला होता. जी विभक्त झाली, त्यांनी फक्त ३३ वेळा. पावसाला 'हं' म्हणायला किती वेळ लागतो? पण ८६ आणि ३३ मधलं अंतर त्या 'हं'चंच आहे.

बाबांनीही हाका मारायला सुरुवात केली होती. फक्त पत्ता वेगळा होता. 'पिठल्या, आज तुझी ताई उशिरा येणार म्हणे. चल, आपण दोघं जेवून घेऊ.' 'पिठल्या, इथली मेथी काही खरी नाही बाबा, आपल्याकडची मेथी कशी असायची...' आपल्या घरांमधलं हे जुनं टेक्निक आहे. लेकी बोले सुने लागे. इथे बोक्या बोले लेकी लागे! मैत्रिणीने एका रात्री स्वयंपाकघरातूनच पिठल्याला उद्देशून उत्तर दिलं, 'पिठल्या, आजोबांना सांग, रविवारी आपण मंडईतून मेथी आणू.' आणि आली मेथी. प्रश्नोत्तराचा तास बंद झाला आणि घरात बोलणं सुरू झालं.

माया पचनी पडायला हवी

आता दुधाबद्दल. मांजर म्हटलं की वाटीत दूध, हे समीकरण आपल्या डोक्यात बालभारतीच्या पुस्तकापासून फिट आहे. प्रत्यक्षात बहुतेक मोठ्या मांजरांना दूध नीट पचतच नाही. दुधातली साखर पचवणारं द्रव्य लहानपणानंतर त्यांच्या शरीरात कमी होत जातं. मांजर दूध आवडीने पितं आणि नंतर त्याचं पोट बिघडतं. बाबा पिठल्याला रोज सकाळी गुपचूप चमचा-दोन चमचे दूध द्यायचे. दोन दिवसांत जे व्हायचं ते झालं. डॉक्टर म्हणाले, दूध बंद, पाणी भरपूर. बाबांना काही केल्या पटेना. 'अहो, मायेने दिलं मी!'

मायेनेच दिलं होतं, वाद नाही. पण आपल्या कितीतरी नात्यांमध्ये अशी दुधाची वाटी असते. बायकोला ऐकणारं कुणीतरी हवं असतं, नवरा मायेने सोल्युशन देतो. मुलाला एकटं बसायचं असतं, आई मायेने पोहे घेऊन आत येते. देणाऱ्याचं मन भरतं, घेणाऱ्याचं पोट बिघडतं. मराठीत 'पचनी पडणं' हा शब्दप्रयोग काय उगाच आहे?

काही दिसलं का?

मांजराच्या सगळ्या लकबी गोड नाहीत. एक लकब तर चक्क जीवघेणी आहे. मांजर दुखणं लपवतं. ते शिकारी असलं तरी रानात मोठ्या जनावरांची शिकारही होऊ शकतं, त्यामुळे दुबळेपणा दाखवायचा नाही हे त्याच्या रक्तातच. ते कण्हत नाही, फक्त बदलतं. कमी खातं, अंग चाटणं सोडतं, पलंगाखाली जाऊन बसतं. बोक्यांच्या बाबतीत तर आणखी एक धोका असतो. त्यांचा मूत्रमार्ग अरुंद असतो, तो बारीक खड्यांनी किंवा चिकट गाठींनी तुंबतो. बोका वाळूत जाऊन बसत असेल आणि लघवी होत नसेल, तर 'उद्या बघू' म्हणायचं नाही. एक-दोन दिवसांत जिवावर बेतू शकतं.

दिवाळीच्या आधीची गोष्ट. मैत्रीण हेडफोन लावून मीटिंगमध्ये होती. बाबा दारात येऊन उभे राहिले. 'सकाळपासून सहाव्यांदा गेलाय तो वाळूत. आणि वाळू कोरडी आहे.' तिने कॉल कट केला. अर्ध्या तासात पिठल्या डॉक्टरांच्या टेबलावर होता. नळी घातली, तीन दिवस सलाईन चाललं, वाचला. आणखी उशीर केला असता तर कठीण होतं, असं डॉक्टर म्हणाले.

त्या संध्याकाळी दवाखान्याबाहेरच्या बाकावर दोघं बसले होते. मैत्रीण काहीच विचारत नव्हती, बोलायचं त्राणच नव्हतं तिच्यात. बराच वेळ गेला. मग बाबा समोर बघत म्हणाले, 'तुझ्या आईचं असंच होतं. विचारलं की म्हणायची, काही नाही, पित्त झालंय. मी म्हणायचो, बरं. विचारत होतो गं मी. बघत नव्हतो.'

एक वर्ष ज्या वाक्याभोवती ते घर गप्प बसलं होतं, ते वाक्य असं आलं. कुणी न विचारता. मैत्रिणीने फक्त बाबांच्या हातावर हात ठेवला. पुढचा तासभर बाबा आईबद्दल बोलत होते.

पण तुम्ही मांजर नाही!

आता कुणी हे वाचून घरी जाऊन म्हणेल, 'मी जरा मांजरासारखा आहे, मला समजून घ्या.' एक मिनिट, बॉस! मांजराला बोलता येत नाही म्हणून आपण त्याची वाळू तपासतो. तुम्हाला बोलता येतं. 'आज मला थोडं एकटं बसायचंय, नऊ वाजता बोलू' हे वाक्य म्हणायला पाच सेकंद लागतात, आणि मग नऊ वाजता खरंच बोलायचं असतं. न सांगता गायब होणं आणि परत आल्यावर काही झालंच नाही असं वागणं, याला स्पेस म्हणत नाहीत. समोरच्याकडे मांजराकडे बघावं तसं बघा आणि स्वतः मात्र माणसासारखं बोला. दोन्ही बाजूंनी एवढं झालं तर निम्मी भांडणं मिटतील.

आणि हो, नातं सुधारावं म्हणून मांजर आणू नका. घरात राहणारं मांजर सहज १२ ते १५ वर्षं जगतं, बऱ्याच अफेअर्सपेक्षा जास्त! लसी, नसबंदी, खिडक्यांना जाळ्या, वाळू, सुट्टीत सांभाळणारी माझ्यासारखी शेजारीण, हे सगळं जमणार असेल तरच आणा. विकत घेण्याआधी रस्त्यावरच्या एखाद्या पिल्लाचा विचार करा. आणि सोसायटीचे सेक्रेटरी कुरकुरले तर भारतीय प्राणी कल्याण मंडळाची २०१५ ची मार्गदर्शक तत्त्वं त्यांच्या हातात द्या. सोसायटीला पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही.

घरी मांजर नसेल तरी एक प्रयोग करून बघता येईल. इंग्लंडच्या ससेक्स युनिव्हर्सिटीत २०२० मध्ये असं दिसलं, की मांजराकडे बघून माणसाने डोळे हळूच बारीक केले आणि मिटले, तर मांजरही तसंच करतं. अनोळखी माणसाने असे डोळे मिटले तरी ते त्याच्या हाताजवळ यायला जास्त तयार होतं. म्हणजे डोळे मिटून दूध पिणारं ते मांजर लबाडच असतं असं नाही. डोळे मिटणं ही त्याची विश्वासाची खूण आहे. 'मी तुझ्यावर नजर रोखलेली नाही, तूही निवांत राहा.' आज घरी गेल्यावर चप्पल काढता काढता पहिला प्रश्न फेकण्याआधी दोन मिनिटं नुसते शेजारी बसा. फोन बाजूला, नजर मऊ. समोरचा काय करतो ते बघा.

मैत्रिणीचे बाबा दिवाळीनंतर साताऱ्याला परत गेले. घर तिथे, झाडं तिथे, मित्र तिथे. तिने 'थांबा ना' म्हणून पाहिलं, एकदाच. नंतर आग्रह केला नाही. फ्लॅटची एक किल्ली त्यांच्या पिशवीत टाकली. आता रोज रात्री साडेआठला फोन येतो. 'पिठल्या जेवला का?' मैत्रीण सांगते, हो, जेवला, आज जरा दमला होता, ऑफिसात फार काम होतं त्याला. बाबा म्हणतात, त्याला म्हणावं, लवकर झोप. मग तीही विचारते, 'आणि पिठल्याचे आजोबा जेवले का?' इकडे पिठल्या सोफ्यावर पाय पसरून पडलेला असतो, एक कान फोनकडे.

तर मंडळी, यापुढे कधी मांजर आडवं गेलंच, तर जरूर थांबा. काम बिघडेल म्हणून थांबू नका. ते वळून तुमच्याकडे बघतंय का, ते बघायला थांबा.